राखाडी-बेज की क्रीम ऑफ-व्हाइट?

प्रश्न : हॉलसाठी दोन शेड उरल्या आहेत. एक राखाडी-बेज, एलआरव्ही 58. दुसरी क्रीमकडे झुकणारी ऑफ-व्हाइट, एलआरव्ही 74. खिडकी एकच, उत्तरेला. मला राखाडी आवडते, घरच्यांना ऑफ-व्हाइट. पण ती पिवळट दिसेल अशी भीती वाटते. कोणती घ्यावी?

उत्तर : ऑफ-व्हाइट घ्या. तुमचा हिरमोड होईल, पण उत्तरेची खिडकी घरच्यांच्या बाजूने आहे.

एलआरव्ही म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती उजेड भिंत परत देते, त्याचा आकडा. 0 म्हणजे ठार काळा, 100 म्हणजे निखळ पांढरा. एकाच खिडकीच्या खोलीत 58 आणि 74 यांतला फरक चांगलाच जाणवतो. त्यात उत्तर गोलार्धात उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. तो क्रीममधला पिवळेपणा मारतो आणि राखाडीला आणखी थंड करतो. बऱ्याच राखाडी-बेज शेडमध्ये हिरवी किंवा जांभळी झाक दडलेली असते, ती अशाच उजेडात वर येते. तुमच्या शेडमध्ये कोणती झाक आहे ते पाहायला तिचा नमुना कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, लगेच कळेल.

दोन्ही नमुने एकमेकांना चिकटवून मात्र निवड करू नका. शेजारी ठेवले की राखाडी जास्त राखाडी दिसते आणि क्रीम जास्त पिवळी. तुमची भीती बहुधा तिथूनच आली आहे! मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येक शेडचे दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (ओला इमल्शन फसवतो, वाळल्यावर बहुतेक वेळा गडद होतो), मग एकेक पुठ्ठा खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्याच भिंतीवर लावून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा.

पिवळटपणाचा खरा धोका रात्री आहे. 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा असेल तर क्रीम पिवळी होणारच. तेव्हा भिंतीला दोष न देता 3500 ते 4000 केल्विनचा, म्हणजे जास्त पांढऱ्या उजेडाचा दिवा लावून बघा.

राखाडीचा मोह सुटत नसेल तर ती ऊन येणाऱ्या खोलीत वापरा, तिथे छान खुलते. आणि हॉलच्या भिंतींना फिनिश मॅट घ्या. चमक असली की पुट्टीचे उंचसखल भाग उठून दिसतात.