दोन कामांच्या मधले दिवस कसे काढायचे?
फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंगमध्ये एक काम संपून दुसरं येईपर्यंत घर कसं चालवायचं, असं विचारलंय तुम्ही. तर काम संपलं म्हणजे पैसे आले असं नसतंच, मुंबईत टीव्हीच्या कामाला ९० दिवसांनी पेमेंट हे सर्रास चालतं, म्हणजे आज किराणा येतोय तो मागच्या कामावर, हे घरच्यांनाही सांगून ठेवा नाहीतर 'एवढ्या रात्री जागलास, पैसे कुठायत' हे ठरलेलं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) करून टाका, ऑनलाइन आणि फुकट होतं, त्यानंतर एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे क्लायंटने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. आता कायदा दाखवून भांडायला कोणी जात नाही (पुढचं काम कोण देणार!) पण इनव्हॉइसवर उद्यम नंबर दिसला की अकाउंट्सवाला जरा हलतो कधीकधी. शिवाय फीमधून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात बहुतेक ठिकाणी, टॅक्स तेवढा बसत नसेल तर तो परत मिळतो, म्हणून रिटर्न वेळेत भरा.

वेळेचं म्हणाल तर घरात दिसलात की तुम्ही रिकामे, सिलिंडर तुम्ही घ्यायचा, आत्याला दादर स्टेशनवरून तुम्हीच आणायचं. करा की, पण दुपारी, सकाळचे दोनतीन तास टेबल सोडू नका. शोरील (आपल्या निवडक कामांचा छोटा व्हिडिओ) अपडेट करा, जुन्या क्लायंटना एक मेसेज टाका, आणि प्रोजेक्ट फाइल्सचा दुसऱ्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्या, कारण सगळं डिलीट केलं की मगच 'फक्त लोगो बदलून द्या ना' असा फोन येतो.