गजर सात वाजताचा लावा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी ६१ वर्षांचा, शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. सहा वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे. गेल्या १ जानेवारीला पहाटे पाचला उठून रोज दहा हजार पावलं चालायचा संकल्प केला. नवव्या दिवशी सर्दी-खोकल्यानं धरलं आणि चालणं सुटलं ते सुटलंच. यंदा पुन्हा तोच संकल्प करतोय. उन्हाळ्यात १३० असलेलं बीपी मागच्या आठवड्यात १६० निघालं. मुलगा म्हणतो, पहाटे बाहेर पडू नका. मी म्हणतो, शिस्त म्हणजे शिस्त. तुमचं काय म्हणणं?
– एक वाचक, निफाड

उत्तर : भाऊ, मुलाचं बरोबर आहे.

निफाडची थंडी मी तुम्हाला सांगायला नको. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बाग गारठू नये म्हणून तुमच्याकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. द्राक्षाच्या घडाला एवढं जपणारी माणसं त्याच पहाटे नुसता मफलर गुंडाळून, रिकाम्या पोटी सडकेला लागतात, हे मला दर हिवाळ्यात खटकतं.

गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीर ऊब आत धरून ठेवतं, पण अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून थंडीत बीपी चढतं. पहाटे जाग येण्याच्या सुमारास ते तसंही वर जात असतं, आणि हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या वेळी जास्त येतात. तुमचा पाचचा गजर म्हणजे या दोन्हींची नेमकी गाठ.

आधी त्या १६० चं बघू. परवाच एक आजोबा सकाळी नऊला दवाखान्यात आले. स्कूटरवरून, हात बर्फासारखे, अंगात दोन स्वेटर. खुर्चीत टेकता टेकता त्यांनी बाही वर सारली. ती दंडावर दोरी बांधल्यासारखी घट्ट बसली आणि त्याच्या खाली पट्टा. आकडा आला १६८. मी त्यांना हात बाहीतून पूर्ण बाहेर काढायला लावला, अंगावर शाल दिली, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं न बोलता बसवलं. दुसऱ्या वेळी १४६. तुमचं बीपी कसं मोजलं होतं, आठवून बघा. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ असं शांत बसून मोजा, आकडे वहीत लिहा आणि ती वही तुमच्या डॉक्टरांना दाखवा. थंडीपुरती गोळी वाढवावी लागते कधी कधी, पण ते त्यांना ठरवू द्या. वाढवलेली गोळी उन्हाळ्यात तशीच चालू राहिली तर चक्कर येते, तेव्हा मार्चमध्ये वही पुन्हा दाखवायची.

गेल्या वर्षीच्या सर्दीत मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणल्या होत्या का? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानं बीपी वाढतं. काही वेदनाशामकांचंही तसंच. दुकानदाराला आधी सांगायचं, मला बीपी आहे.

आता संकल्प. मोडला तो ‘पाच वाजता’, ‘दहा हजार’ आणि ‘रोज’ या तीन शब्दांनी. गजर सात वाजताचा लावा. गोळीची वेळ असेल तर गोळी घ्या, कोमट पाणी प्या, काहीतरी खा आणि ऊन अंगणात आलं की निघा. कान झाकलेले हवेत. पहिली पाच मिनिटं रमतगमत चाला.

दहा हजाराचा आकडा तर कुठल्या डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. तिथून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाच्या व्यायामाचा सल्ला देते. म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग. चालताना छातीत दडपल्यासारखं झालं, दम लागला, जबडा किंवा डावा हात दुखला, तर तिथेच थांबा आणि १०८ ला फोन करा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी येऊन पडू नका.

नवव्या दिवशी खाडा झाला म्हणून सगळं सोडलंत, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला एखादी नवी सवय जोडली होती, न्याहारीनंतर, जेवणाआधी अशी. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायची थांबली नाही. १ जानेवारीपासून धरलंत तर गुढीपाडव्याच्या आत ६६ दिवस होतात. खोकला झाला तर चार दिवस घरात राहा, पाचव्या दिवशी पुन्हा बूट घाला. वर्गातलं मूल आजारपणानंतर शाळेत आलं, तर तुम्ही त्याचं नाव कमी करत होतात का?

प्रश्न : ताई, माझं वय ३४. थंडी सुरू झाल्यापासून अंघोळ करून बाहेर आले की डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. अर्ध्या तासात बरं वाटतं. सासूबाई म्हणतात, केस ओले ठेवतेस म्हणून. माझ्या सात वर्षांच्या मुलालाही परवा अंघोळीनंतर उलटी झाली. आमच्याकडे बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. थंड वारा येतो म्हणून खिडकी बंद ठेवतो. व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे पत्र वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. अंक छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंही आहे. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण ही खिडकी आणखी किती घरांत बंद असेल, सांगता येत नाही.

तुमच्या केसांचा यात काही दोष नाही. बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवेतला प्राणवायू कमी होत जातो, ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला, त्याच्या भरवशावर राहू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी येते, आणि गुंगीत कडी काढायचं सुचत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजमधल्या मुलीला मी दोनदा अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी तिची आई म्हणाली, ‘हिच्या भावाचंही सकाळी डोकं दुखतं.’ तेव्हा मी त्यांचं बाथरूम बघायला गेले. भिंतीला गीझर, दारावर कडी, झरोक्यात कोंबलेलं पोतं. दोन्ही मुलं वाचली. पण पहिल्याच दिवशी ‘कधी दुखतं, कुठे दुखतं’ हे विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून थंडीत डोकेदुखीचा कुणीही आला की गीझरची चौकशी मी आधी करते.

आजपासून तो गीझर लावून अंघोळ करायची नाही. चुलीवर, शेगडीवर, कशावरही पाणी तापवा, पण स्वयंपाकघरात, खिडकी उघडी ठेवून. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. नाहीतर विजेचा घ्या. तो हलवेपर्यंत वापरावाच लागला तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच आत जायचं. कुणी आत बेशुद्ध पडलं तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो ९८ सुद्धा दाखवतो, कारण त्याला दोन्ही वायूंमधला फरक कळत नाही. तुम्ही आणि मुलगा दोघंही डॉक्टरांना दाखवून या आणि गीझरचं आवर्जून सांगा.

बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून निखाऱ्याची शेगडी ठेवतात, तिथेही हाच धोका आहे, आणि तिथे तर तान्हं बाळ असतं. शेक द्या, पण शेगडी खोलीत ठेवून झोपू नका.

प्रश्न : मला डायबेटिस आहे. डिंकाचे लाडू गुळाचे असतील तर चालतात ना?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : गुळानंही साखर वाढतेच. सुपारीएवढा एक लाडू न्याहारीचा भाग म्हणून, तोही दोन-तीन दिवसांतून एकदा. न्याहारी झाल्यावर वर चहाबरोबर आणखी नको. तिळाची हौस तिळाच्या चटणीवर भागवा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, गाजर, पावटा, सोलाणे घातलेली लेकुरवाळी भाजी जरूर खा. भाकरी मात्र मोजून.

प्रश्न : मी ४६ वर्षांची गृहिणी. दर नव्या वर्षी ठरवते, स्वतःसाठी अर्धा तास काढायचा. दर वर्षी तो अर्धा तास डबे, पाहुणे आणि औषधांच्या वेळा खाऊन टाकतात. गुडघे दुखतात, टाचा भेगाळल्या आहेत. मी आळशी आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही हो, बाई. ज्यांच्या हातात स्वतःचं घड्याळ नसतं, त्यांचे संकल्प असेच अडतात.

अर्ध्या तासाचा हट्ट सोडा. डबे गेले की साडेदहाच्या सुमाराला तुम्ही उभ्या उभ्या चहा घेत असाल. तो चहा गच्चीत किंवा अंगणात उन्हात बसून घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी हेच ऊन लागतं, सकाळी सातचं नव्हे, आणि बंद काचेतून आलेलं तर नाहीच. हात-पाय उघडे ठेवा. चहा संपला की खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. गुडघा फार दुखला तर उंच खुर्ची घ्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा. रात्री पाय धुऊन, टिपून, ओलसर असतानाच टाचांना व्हॅसलीन चोळा आणि मोजे घाला. पंधरा दिवसांत फरक दिसेल. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्या. थकव्याला आळस समजून वर्षानुवर्षं काढणाऱ्या पुष्कळ बायका मी पाहिल्या आहेत.

चहाच्या वेळी फोन वाजला तर घरातलं दुसरं कुणीतरी उचलेल. हे उत्तर आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा.