राजीनाम्याच्या पुढची बातमी

प्रिय पोरी,

मंत्रालयाची बीट, म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी, मिळाली म्हणून तुझा मेसेज आला, वाचून खूप बरं वाटलं. तू विचारलंयस की सर, सोर्स कसे बनवायचे, आतल्या बातम्या कशा काढायच्या. ते सांगीन कधीतरी समोरासमोर. पण आधी हे वाच, कारण कोण नाराज, कोण कुणाच्या बंगल्यावर गेलं, मंत्रिमंडळाचा विस्तार कधी, यातच आपल्यातल्या कितीतरी चांगल्या पोरांची उमेदीची वर्षं गेली आणि सरकारचा पैसा नेमका कुठे मुरतोय हे बघणारे बोटावर मोजण्याइतके उरले.

सिंचनाचं प्रकरण तू शाळेत असताना झालं असेल. 2012 च्या मार्चमध्ये राज्याची आर्थिक पाहणी आली, दरवर्षी बजेटच्या आदल्या दिवशी येते तीच, आणि त्यात एक आकडा होता. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात ओलिताचं, म्हणजे सिंचनाचं पाणी मिळणाऱ्या रानाचं, प्रमाण 2000-01 मध्ये 17.8 टक्के होतं आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के. म्हणजे दशकभरात 0.1 टक्का वाढ, आणि याच काळात सिंचनावर साधारण 70,000 कोटी खर्च झाल्याचं बोललं जात होतं. आता बघ, हा आकडा कुणी लपवला नव्हता, कुठल्या अधिकाऱ्याने रात्री फोन करून दिला नव्हता, सरकारनेच छापून विधिमंडळात वाटला होता. ज्यांनी तो काढून खर्चाच्या शेजारी ठेवला त्यांची बातमी झाली.

पुढे मेरीचे (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं सिंचनातल्या गैरप्रकारांवरचं पत्र बाहेर आलं, विदर्भातल्या 38 प्रकल्पांच्या किमती 2009 मध्ये काही महिन्यांतच 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर कशा गेल्या ते लोकांसमोर आलं आणि 25 सप्टेंबर 2012 ला अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. 1999 ते 2009 जलसंपदा खातं त्यांच्याकडे होतं. झालं, सगळ्या चॅनलवर राजकारण सुरू, आघाडी राहणार का, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण काय करणार, काका शरद पवार काय म्हणाले. पाण्याचा विषय दोन दिवसांत मागे पडला.

नोव्हेंबरअखेर सिंचनावर सरकारची बाजू मांडणारी श्वेतपत्रिका आली, आणि इथे मात्र तू थांबून वाच कारण पॉलिसीची बातमी इथेच असते. सरकार म्हणालं की सिंचन क्षमता तर भरपूर वाढलीय. ते खोटं होतं का? कागदावर नव्हतं. "निर्मित सिंचन क्षमता" म्हणजे धरण नि कालवे झाले की एवढ्या हेक्टरला पाणी देता येईल हा हिशोब, आणि "प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र" म्हणजे खरोखर भिजलेलं रान. पाहणीतला आकडा दुसऱ्या प्रकारचा, त्यात विहिरीसुद्धा आल्या, आणि श्वेतपत्रिका बोलत होती पहिल्याबद्दल. ज्या रिपोर्टरला हा फरक माहीत होता तो प्रेस कॉन्फरन्समध्ये प्रश्न विचारू शकला, बाकीच्यांनी "सरकारची क्लीन चिट" अशी हेडलाइन दिली नाहीतर उलट टोकाला जाऊन "70,000 कोटी पाण्यात" अशी. तीही पूर्ण खरी नव्हती बरं का, कारण भूसंपादनात, पुनर्वसनात आणि अर्धवट पडलेल्या धरणांत बराच पैसा अडकलेला असतो आणि त्याचं ओलित त्या दहा वर्षांत दिसणार नसतंच. आपल्या बाजूचा आकडाही तितकाच तपासून घ्यायचा, हे मी तुला कळकळीने सांगतोय.

डिसेंबरात अजितदादा परत उपमुख्यमंत्री झाले. जलतज्ज्ञ माधव चितळेंची चौकशी समिती नेमली, 2014 मध्ये अहवाल आला, एसीबीची (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची) चौकशी झाली, आणि 2019 च्या शेवटी एसीबीने हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सांगितलं की अजितदादांवर जबाबदारी येत नाही. हेही तितक्याच ठळकपणे छापायचं असतं. पण मला विचारशील तर त्या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात मोठी बातमी वेगळीच होती. त्या गदारोळानंतर आर्थिक पाहणीत ओलिताच्या टक्केवारीच्या जागी वर्षानुवर्षं "उपलब्ध नाही" असं यायला लागलं. ज्या आकड्यावरून राजीनामा झाला तो आकडाच गेला! काही मोजक्या लोकांनी ते दरवर्षी लिहिलं, त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे, पण त्यावर कधी प्राइम टाइम झाला नाही, कारण त्यात कुणी कुणाला भेटलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, कागद वाचायची सवय लाव. रोज सकाळी जीआरची, म्हणजे शासन निर्णयांची, साइट उघडायची. त्यात "सुप्रमा" हा शब्द दिसला की थांबायचं, सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे प्रकल्पाची किंमत वाढवून दिलीय. आधीची किती, आताची किती, कारण काय दिलंय, कितवी सुप्रमा आहे, एवढं वहीत लिहून ठेव. विदर्भातलं गोसीखुर्द धरण हा 372 कोटींत मंजूर झालेला प्रकल्प, राजीव गांधींच्या हस्ते 1988 ला भूमिपूजन, आणि किंमत पुढे 18,000 कोटींच्या वर गेली, ही एका रात्रीत झालेली गोष्ट नाही गं, एकेका मान्यतेने झालीय आणि त्या प्रत्येक वेळी मंत्रालयात कुणीतरी रिपोर्टर हजर होताच की. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, सगळे घरी निघालेले असतात तेव्हा, तू थांब. कायदेही वाच. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात एकात्मिक राज्य जल आराखड्याची अट होती, आराखडा तयार नसतानाच प्रकल्पांना मंजुऱ्या देणं चालू होतं, आणि ते कोर्टापर्यंत नेलं जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे यांनी, आपल्यापैकी कुणी नाही. मला याचं वाईट वाटतं.

आणि कागद वाचून झाला की बाहेर पड. मुंबईत बसून पाण्याची बातमी होत नाही. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला जा, अगदी शेवटच्या चारीवर, तिथल्या शेतकऱ्याला विचार की यंदा किती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, मिळाली, पाणी सुटलं ते वरच्या उसातच संपलं की खाली पोचलं, पाणीवापर संस्था आहे का नुसता बोर्ड आहे. मी असे मायनर, म्हणजे छोटे कालवे, पाहिलेत ज्यात बाभळी माणसापेक्षा उंच वाढल्यात, अस्तरीकरण उखडून खाली पडलंय, आणि रजिस्टरमध्ये ते सगळं रान लाभक्षेत्रात, म्हणजे पाणी मिळणाऱ्या भागात, आहे. कालवा सल्लागार समितीची बैठक पालकमंत्री घेतात, त्यात पाणी कुणाला कधी हे ठरतं, तिथे तालुक्याचा वार्ताहर सोडून कुणी फिरकत नाही. त्या वार्ताहराशी दोस्ती कर. त्याला पगार नसतो बहुतेक, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवतो, आणि ज्या नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने आणायची त्याच्याच विरोधात बातमी द्यायची अशी त्याची कोंडी असते. त्याच्याकडून माहिती घेतलीस तर बातमीत त्याचं नाव लाव, ते शक्य नसेल तर निदान त्याला सांभाळ.

तुझ्यावरही प्रेशर येईलच. 2009 च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजचं तू वाचलं असशीलच, पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, आणि प्रेस कौन्सिलने स्वतःच्याच उपसमितीचा पूर्ण अहवाल आधी बाहेर काढला नव्हता, त्यासाठी माहिती अधिकार वापरावा लागला. आपल्या घरातली ही अवस्था. त्यामुळे एखादी बातमी अडली तर रडत बसू नको, कागद जपून ठेव, तारीख टाकून ठेव, सहा महिन्यांनी तोच विषय दुसऱ्या दाराने येतो.

एक काम देतो. येत्या मार्चमध्ये पाहणी आली की पहिल्या पानावरचा विकासदर सगळेच घेतील, तू कृषी आणि जलसंपदाचं प्रकरण काढ, गेल्या पाच वर्षांच्या पाहण्या शेजारी ठेव आणि जिथे आधी आकडा होता पण आता नाही असे रकाने शोध. मग त्या त्या विभागाला माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील कसं लिहायचं ते मी सांगतो, फोन कर.

तुझा,
सर