उपाय सगळ्यांचा, पण 'गावजेवण' तुमचं

ताई, तुमचा प्रश्न असा: सोयाबीनवरच्या शंखी गोगलगायीवर तुम्ही लेख लिहिला, एका पोर्टलने एआयकडून त्याचा सारांश काढून तुमचं नाव न देता टाकला, हा कॉपीराइटचा भंग होतो का? काही भागाचा होतो, काही भागाचा नाही.

उपाय तुमचा नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी धुऱ्याला टाकायचं, सकाळी उचलून गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हे २०२२ साली लातूर-बीडकडे कोवळं सोयाबीन फस्त व्हायला लागलं तेव्हा गावोगाव चाललं होतं. कल्पना आणि माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगितलंय.

इथं मी स्वतः तोंडावर आपटलोय. आडतीत रोज जाऊन भाव टिपायचो, ते एकाने जसेच्या तसे उचलले. तावातावाने वकिलाकडे गेलो, तर ते म्हणाले, "भाव काय तुमचे आहेत का?" नुसत्या मेहनतीवर हक्क मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते, असं सांगणारा ईस्टर्न बुक कंपनी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल त्यांनी पुढ्यात टाकला. फी गेली ती गेलीच.

तुमचं तसं नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. तुम्ही लिहिलंय, "गोणपाट उचललं की खाली गोगलगायींचं गावजेवण बसलेलं." सारांशातही 'गावजेवण'! कृषी खात्याच्या पत्रकात हा शब्द कधी येईल का? पुढं आजीचा किस्सा, तोही त्याच क्रमाने. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराच्या व्याख्येत साहित्यकृतीचा संक्षेपही येतो, आणि रूपांतराचा हक्क लेखकाचा. त्यामुळं "आम्ही फक्त थोडक्यात सांगितलं" म्हणून सुटता येत नाही. "मशीनने केलं" म्हणूनही नाही, टाकलं तर माणसानेच ना! कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण, चालू घडामोडी यांना सूट आहे, पण नाव गाळून आजीसकट उचललेला लेख त्यात बसवणं अवघड.

एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावा मुख्यतः एआयला शिकवायला मजकूर वापरण्याबद्दल आहे. तुम्ही त्यासाठी थांबू नका.

लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढा. नोंदणी केली नसली तरी हक्क असतोच. आधी पोर्टलला लेखी कळवा: नाव द्या, नाहीतर काढा. दाद दिली नाही तर तो मजकूर ज्यांच्याकडे साठवलाय त्यांच्याकडे कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ खाली तक्रार करता येते. पटलं तर ३६ तासांत तो बंद करावा लागतो. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा सुरू करायला ते मोकळे. इथं बरेच जण फसतात. दाव्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या, म्हणजे लातूरच्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो.

पत्राचा मसुदा करा, मी नजर टाकतो. त्यात गुळाचं पाणी, मीठ यातलं अवाक्षर नको. फक्त गावजेवण आणि आजी.