वाचकांचे प्रश्न : मोंबासाला मे महिन्यात जावे का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त केनियात मोंबासा येथे राहतो. आंब्याची कामे आटोपल्यावर, मेच्या मध्यावर, मी (वय 66) आणि पत्नी (वय 61) महिनाभरासाठी त्याच्याकडे जावे असा विचार आहे. पीतज्वराची लस घ्यावीच लागते का? मुलासाठी हापूसची पेटी नेता येईल का?
— एक बागायतदार, गुहागर

उत्तर : लसीचे आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही; ते मागितले जाते परतताना, आपल्याच विमानतळावर, कारण आपल्या सरकारच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत केनियाचे नाव आहे. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालते. ते जवळ नसेल, तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. मात्र ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका, अगदी क्वचित असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दोघांचीही प्रकृती दाखवूनच केंद्राची वेळ घ्यावी, आणि तेव्हाच हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही विचारून घ्यावे, कारण मोंबासाच्या किनाऱ्यावर हिवताप आहे.

आता महिन्याविषयी. मे म्हटला की आपल्याला उकाडा आणि कोरडी वाळू आठवते. मोंबासात मात्र तोच वर्षातला सर्वाधिक पावसाचा महिना. तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ मानतात. त्या सुमारास आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला स्वाहिली भाषेत ‘कुसी’ म्हणतात. तोच विषुववृत्त ओलांडून वळतो आणि जूनमध्ये नैर्ऋत्येकडून आपल्या कौलांवर येऊन आदळतो. थोडक्यात, एक पावसाळा तिकडे काढून दुसऱ्यासाठी आपण घरी परताल! शक्य असेल तर जुलैनंतर, किंवा ईशान्येचा ‘कस्काझी’ वारा वाहत असताना, जानेवारी-फेब्रुवारीत जावे. ऊन तेव्हा कडक असते, पण पाऊस कमी.

हापूसची पेटी मात्र घरीच ठेवावी. ताजी फळे नेण्यासाठी केनियाचा आयात परवाना आणि आपल्याकडचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यांच्याविना पेटी विमानतळावरच जप्त होईल. शिवाय किनाऱ्यावर आंबा भरपूर पिकतो, त्यामुळे मुलगा आंब्याला पारखा झालेला नसेल. हापूसला झाला असेल, एवढेच. त्याच्यासाठी कारखान्यातून मोहोरबंद झालेला आमरसाचा डबा न्यावा. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नये; 28 ऑगस्ट 2017 पासून तिथे त्यांवर बंदी आहे आणि शिक्षाही कडक आहे. कापडी पिशव्या उत्तम.

व्हिसाऐवजी जानेवारी 2024 पासून ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यावा लागतो. तो दोघांसाठी वेगवेगळा आणि निघण्याच्या बऱ्याच आधी काढावा.

प्रश्न : नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने जाणे सोयीचे आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : अवश्य जावे. 2017 साली सुरू झालेली ‘मादाराका एक्सप्रेस’ साधारण पाच-सहा तासांत पोहोचवते आणि वाटेत त्सावोचे अभयारण्य लागत असल्याने खिडकीतून हत्ती दिसण्याचा योगही असतो. दोन्ही टोकांची स्थानके शहराबाहेर आहेत, हे ध्यानात ठेवून वेळ राखावी. तिकिटाचे पैसे तिथे सर्रास मोबाइलवरील ‘एम-पेसा’ने भरतात, तेव्हा तिथल्या ओळखीच्या माणसाकडून तिकीट आधीच काढून घेणे बरे.

तिकिटावरचे घड्याळ आपल्यासारखेच, फक्त आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. बोलण्यातले घड्याळ मात्र निराळे. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी घटका मोजत तसे. त्यामुळे टॅक्सीवाला ‘सा म्बिली’, म्हणजे शब्दशः दोन वाजता, येतो म्हणाला तर तो सकाळी आठला दारात उभा असतो. मी एकदा दुपारच्या दोनच्या हिशेबाने निवांत आंघोळीला गेलो होतो आणि तो बिचारा खाली हॉर्न वाजवत राहिला.