शेतातल्या टीसीत फिरणारं काहीच नाही, मग 11,000 व्होल्टचे 433 कसे होतात?

खानापूरकडच्या मित्राचा हा प्रश्न. (ट्रान्सफॉर्मरला आपण टीसी म्हणतो, पलीकडे कागलात डीपी.)

आत लोखंडी गाभा असतो, त्यावर तारेची दोन गुंडाळणं. एकात 11,000 व्होल्टचा एसी (सतत दिशा बदलणारा) प्रवाह सोडला की गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला 50 आवर्तनं उलटसुलट होतं आणि दुसऱ्या गुंडाळणात वीज उपजते. दोन्ही तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात! व्होल्टेज ठरतं वेढ्यांवर. आपल्या थ्री-फेज टीसीत दर फेजला साधारण 44 वेढ्यांमागे बाहेरच्या बाजूला एकच वेढा, म्हणून फेजला 250, दोन फेजांत त्याच्या 1.73 पट, म्हणजे 433. बॅटरीचा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) दिला तर चुंबकत्व बदलतच नाही, वीज काही निघायची नाही.

गाभा अखंड नसतो, सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची थप्पी असते. अखंड असता तर आतल्या आत प्रवाह फिरून तापला असता. तो सतत येणारा 'हूंऽऽ' आवाज या पत्र्यांचाच, चुंबकत्वाने ते किंचित लांबतात-आखडतात.

टाकीतलं तेल थंडावा देतं आणि इन्सुलेशनही. वरचे चिनी मातीचे खांब म्हणजे बुशिंग, तारा टाकीला न टेकता आत नेणारे. बाजूच्या काचेच्या बरणीत निळे खडे दिसतात ना? ते आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात. पावसाळ्यात गुलाबी झाले की लाईनमनला सांगा, स्वतः हात लावू नका.