प्रस्तरभंग की भ्रंश?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, भूगोलाच्या पुस्तकात 'प्रस्तरभंग' आणि भूकंपाच्या बातम्यांत 'भ्रंश' असे दोन शब्द भेटतात. त्यांचा अर्थ एकच का, आणि मुलांना कोणता सांगावा?

खडक तुटून त्याचे भाग एकमेकांपासून सरकतात, त्या एकाच गोष्टीसाठी वापरात दोन्ही शब्द रूढ आहेत, पण त्यांचे धातू वेगळे आहेत. 'भंग' हा 'भञ्ज्' म्हणजे मोडणे यावरून आला. 'भ्रंश्' म्हणजे जागेवरून घसरणे, ढळणे. अपभ्रंश, स्मृतिभ्रंश या शब्दांत हेच ढळणे आहे.

हा फरक मला डिचोलीकडच्या एका दगडाने शिकवला. लोहाचे काळसर आणि गारेचे फिकट असे एकाआड एक पट्टे असलेल्या त्या तुकड्याला दोन चिरा आहेत. पहिल्या चिरेच्या अलीकडचा काळा पट्टा पलीकडे सरळ पुढे जातो. दुसरीपाशी मात्र तो तुटतो आणि त्याचे पुढचे टोक नखभर खाली सापडते. पहिलीला भूशास्त्रात 'संधी' म्हणतात, भ्रंश म्हणायचे ते दुसरीलाच. भंग दोन्हीकडे झाला आहे, भ्रंश एकीकडेच. म्हणून मला 'भ्रंश' अधिक नेमका वाटतो.

त्याच दगडाच्या कडेला पट्ट्यांना निऱ्यांसारखी वळणे आहेत. त्यांना 'वली' म्हणतात; संस्कृतात वलि म्हणजे कातडीवरची सुरकुती, आणि हा शब्द इथे फारच चपखल बसला आहे. पृथ्वीच्या कवचातील दाबाखाली खोलवरचा तापलेला खडक सावकाश वाकतो, तर पृष्ठभागाजवळचा थंड खडक मोडतो आणि मग दाब, ताण किंवा कातर (दोन बाजूंना उलट दिशांनी सरकवणारे बळ) यांपैकी जे बळ असेल त्यानुसार त्याचे भाग वर, खाली किंवा आडवे सरकतात. दुसरी चीर त्या वळणांना छेदून जाते, म्हणजे दगड आधी वाकला आणि नंतर सरकला.

'भ्रंशात खाली पडण्याची छटा आहे, मग आडव्या सरकण्याला तो कसा चालेल?' अशी शंका येऊ शकते. १८ एप्रिल १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात कॅलिफोर्नियातील सान आंद्रेआस भ्रंशावरचे एक सरळ कुंपण मधोमध तुटून त्याचा अर्धा भाग सुमारे ५ मीटर बाजूला गेला. खाली काही पडले नाही, पण कुंपण जागेवरून ढळले, आणि धातूचा तोही अर्थ आहेच.

तेव्हा उत्तरपत्रिकेत पुस्तकातला 'प्रस्तरभंग' लिहू द्यावा. वर्गात समजावताना मात्र 'भ्रंश' घ्यावा आणि पट्ट्याचे दुसरे टोक मुलांना शोधायला लावावे.